दोर परत मिळणेबाबत

लीड्स, ११ जून

श्रीयुत अजयराव वाकणकर यांस,

विष्णू दातार याचा लीड्सहून नमस्कार. साष्टांग घालायला हवा, पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी एकदा खाली गेलो की मला उठवायला दोन माणसं लागतात, आणि सध्या या घरात दुसऱ्याला उठवू शकेल असं माणूस मीच एक आहे. तेव्हा हा नमस्कार उभ्यानेच झाला असं समजावं. तुमचा दमा, सुचेतावहिनींची पाठ, परीक्षितची नवी नोकरी आणि एडिनबरातलं ते छत्री उलटी करणारं वारं, सगळं आटोक्यात असेल अशी आशा आहे. यापुढे ‘इकडील सर्व क्षेम’ असं लिहायचा रिवाज आहे. तो मी पाळत नाही, का ते खाली येईलच.

पत्रास कारण की, आमच्या मंडळाचा रस्सीखेचीचा दोर (लांबी तीस मीटर, रंग मुळात पांढरा, एका टोकाला माझ्या हातची निळी चिकटपट्टी) तीन वर्षांपूर्वी बेरिकच्या समुद्रकाठावरून आपल्या मंडळाने विजयचिन्ह म्हणून नेला, तो अद्याप परत आलेला नाही. आमच्या सामानाच्या यादीत तो अजून ‘लवकरच येईल’ या सदरात आहे. मंडळाचा चिटणीस या नात्याने मी तो औपचारिकपणे परत मागत आहे. इथपर्यंत ‘तुम्ही’ म्हणून लिहिलं, आता मात्र जमत नाही. हेअरहिल्सच्या खोलीत ज्याच्याबरोबर एका ओव्हरकोटात दोन हिवाळे काढले (तू बाहेर गेलास की मी घरात, मी बाहेर गेलो की तू घरात, आणि दोघांना एकत्र सिनेमाला जायचं असेल तर उन्हाळ्याची वाट बघायची), त्याला अहोजाहो करायचं म्हणजे आपल्याच सावलीला खुर्ची देण्यासारखं आहे. तर अजय, तू.

तुझं कार्ड मिळालं. फक्त वैजयंतीच्या नावाचं होतं. माझं नाव त्यावर नव्हतं, आणि नसणंच बरोबर होतं. तू तीन वर्षांपूर्वी दोनदा फोन केलास तेव्हा मी वैजयंतीला ‘मी आंघोळीला गेलोय’ असं सांगायला लावलं होतं. दुसऱ्या वेळी ती तुला म्हणाली, “ते आंघोळीलाच आहेत, अजयभावजी, आणि मला वाटतं या वर्षी काही बाहेर येत नाहीत.” हे तिने माझ्यासमोर, माझ्याकडे बघत सांगितलं. मी वर्तमानपत्र वाचत होतो. उलटं होतं की सुलट, ते आता आठवत नाही.

कार्डात तू विचारलं आहेस की ती कशी आहे. जानेवारीच्या सतरा तारखेला सकाळी पोह्यांना फोडणी घालताना तिच्या हातातून झारा पडला आणि ती मला हाक मारायला वळली, ती हाक आलीच नाही. स्ट्रोक. ॲम्ब्युलन्स नऊ मिनिटांत आली. हॉस्पिटलातल्या लोकांनी तिच्यासाठी जे केलं ते मी एकतीस वर्षं त्याच इमारतीत मेडिकल रेकॉर्ड्समध्ये बसून फक्त फायलींत वाचलं होतं, प्रत्यक्ष पाहिलं ते आता. आपण ज्यांच्या अक्षराला नावं ठेवत आलो त्यांचे हात इतके हळुवार असतात हे मला ठाऊक नव्हतं. आता ती काठी घेऊन चालते, उजवा हात हळूहळू परत येतोय, सगळं समजतं, टीव्हीवर स्वयंपाकाच्या स्पर्धेत कोण हरणार हे आधी ओळखते. फक्त बोलणं गेलं आहे. एकच शब्द उरला: डबा. चहा हवा का? डबा. पाऊस थांबला. डबा. रागावली तरी डबा आणि माया आली तरी डबा. आवाजाच्या चढउतारावरून मी आता अकरा प्रकारचे डबे ओळखतो. त्यातला एक मला उद्देशून आहे. (यावर तुझ्या मनात जे आलं ते माझ्याही मनात येऊन गेलं आहे.) घरात मी एकटाच बोलत असतो आणि मला माझा कंटाळा आला आहे, हे तुला सांगायला लाज वाटत नाही.

दर गुरुवारी दुपारी मात्र शेजारची सुलक्षणा येऊन वैजयंतीजवळ बसते आणि मला घराबाहेर हाकलते. लायब्ररीत आम्हा निवृत्तांचा एक वर्ग भरतो, जुन्या इंग्रजी बखरींचा. त्यात माझं नाव दोन वर्षांपूर्वी वैजयंतीनेच घातलं, मला इतिहासाची आवड आहे असं लोकांना सांगून. (तिला गुरुवारी दुपारी घर रिकामं हवं होतं, हे उघड आहे.) आमच्या बाई मिसेस ॲक्रॉइड, वय एक्याऐंशी, चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, अजून बसने येतात, पिशवीत थर्मास आणि तेराव्या-चौदाव्या शतकातली भांडणं. ही बाई मला फार आवडते. तिच्या वर्गात इतिहास वरून खाली येत नाही, बाजूच्या खुर्चीवर येऊन बसतो आणि चहा मागतो.

तर गेल्या महिन्यात विषय निघाला शिपायांच्या गाण्यांचा. त्या काळात इंग्रजांची आणि स्कॉट लोकांची (म्हणजे आमची आणि तुमची, असं समज) सरहद्दीवर जी मारामारी चाले, त्यात जिंकलेल्या बाजूचे शिपाई हरलेल्यांवर गाणी रचत. चार-सहा ओळींची, ठेक्याची, चालता चालता म्हणायची. विषय काय, तर पळणाऱ्यांचे फाटके कपडे, त्यांच्या पायातली पादत्राणं, त्यांची उघडी पडलेली पाठ. मोठं तत्त्वज्ञान नाही. आता गंमत बघ. आमच्याच यॉर्कशरच्या समुद्रकाठच्या एका मठात एक धर्मगुरू राजाचा इतिहास लिहीत बसलेला. तो लिहितो फ्रेंचमध्ये, कारण प्रतिष्ठित माणसाने फ्रेंचमध्येच लिहायचं. राजा, तह, शपथा, सगळं भरजरी. आणि मध्येच लढाई संपते, आणि हा भला माणूस फ्रेंच बाजूला ठेवून शिपायांचं गाणं त्यांच्याच रांगड्या इंग्रजीत उतरवून घेतो! भर पंगतीत भटजींनी मंत्र थांबवून पोवाडा सुरू करावा तसं. मिसेस ॲक्रॉइड म्हणाल्या, कानातून जे हटत नाही ते माणूस शेवटी लिहितो. पुढे त्या बखरीच्या नकला उतरवणाऱ्यांपैकी काहींनी ती इंग्रजी गाणी गाळली. त्यांना ती शोभेशी वाटली नसतील. त्या गाळणाऱ्यांबद्दल वर्गात सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मी त्यांच्यातलाच आहे.

पण ज्याने माझी झोप उडवली तो दुसराच बखरकार. काही वर्षांनी बाजी उलटली. बॅनॉकबर्नला तुमच्या लोकांनी आमच्यांना असं झोडपलं की राजाला पळता भुई थोडी झाली. आता स्कॉट लोकांनी गाणं केलं, इंग्लंडच्या पोरीबाळींना खिजवणारं. आणि ते गाणं आज आपल्याला कुठे सापडतं? इंग्रजांच्या बखरीत! हरलेल्या बाजूचा बखरकार ते लिहून ठेवतो. वर हेही लिहितो की त्यांच्या पोरींनी फेर धरून पुढे कित्येक दिवस ते म्हटलं. अजय, मी खुर्चीत ताठ झालो. आपल्या बाजूची माणसं मेलेली, अब्रू गेलेली, आणि हा गृहस्थ शत्रूच्या बायका आपल्याबद्दल काय गातात ते शब्द न बदलता उतरवून घेतो. त्याला ते दिलं कुणी? विचारायला गेला असेल का? ‘जरा सावकाश म्हणा हो, शेवटच्या ओळीत आमच्याबद्दल नक्की काय म्हटलंय?’ आपल्याकडच्या बखरींत पराभव आला की दैवगती येते आणि पान उलटतं. या माणसाने पान उलटलं नाही. मला त्याच्या पायाशी बसावंसं वाटलं (गुडघ्यांची अडचण वर सांगितलीच आहे). चिटणीस असावा तर असा.

आता मी काय चिटणीस आहे ते तुला माहीत आहे, पण कबुली द्यायची तर पूर्ण द्यावी. लीड्स आणि एडिनबरा मंडळांची सहल ‘बरोबर मध्यावर’ करायची ही तुझी कल्पना. तू नकाशावर पट्टी ठेवलीस आणि बेरिकवर बोट. तुम्हाला सव्वा तास, आम्हाला तीन. तुम्ही ताजे टवटवीत उतरलात, आम्ही गाडीतून घडीच्या खुर्च्यांसारखे एकेक सांधा उघडत उतरलो. त्यात दोन्ही मंडळांनी संमत केलेले रस्सीखेचीचे नियम मी लिहिलेले, एकूण चौदा. सातवा नियम: शेवटच्या खेळाडूने दोर अंगाभोवती बांधू नये. शेवटचा खेळाडू मी. आणि मी तो बांधला. दुहेरी गाठ मारून, कोटाच्या आत, कुणाला दिसू नये म्हणून. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, तुलाच पहिल्यांदा लिहितो आहे. मला जिंकायचं होतं रे. निवृत्तीला चार महिने झाले होते, मला फोन करणारं कुणी उरलं नव्हतं, आणि काहीतरी घट्ट धरून उभं राहावंसं वाटत होतं.

पुढचं तुझ्या डोळ्यांसमोर आहे. कुशलच्या पोटरीत गोळा आला, त्याने दोर सोडला. त्याच्यामागे नकुलने सोडला, मग सगळ्या लीड्सने. माझा कसा सुटणार? तुम्ही नऊ जण खेचत होतात आणि दुसऱ्या टोकाला मी एकटा, बसलेला, वाळूवरून निघालेला. वाटेत अनुयाने पंगतीसाठी मांडलेली चटई होती. चटईवर परातभर केशराचं श्रीखंड होतं. मी थांबलो तेव्हा परात मागे राहिली होती, श्रीखंड माझ्याबरोबर आलं होतं, आणि तुम्ही लोक अजून मागे न बघता खेचत होतात. त्यानंतर तू कागदी ताटलीच्या पाठीवर अकरा मिनिटांत ते गाणं लिहिलंस. मी घड्याळ बघत होतो, कारण दुसरीकडे कुठे बघायचं कळत नव्हतं. मग बायकांनी फेर धरला. तुमच्या आणि आमच्याही. मी वाळूत बसलो होतो, केशर वाळत होतं, आणि त्या फेरात, सगळ्यांच्या मध्ये, पदर खोचून, हसून हसून डोळे पुसत, माझी बायको होती.

खरं दुखलं ते हे. तुझं गाणं नव्हे. गाणं चांगलं होतं. तेव्हा मी ते कबूल केलं नसतं, आज करतो. साधं होतं, ठेका पक्का होता, एक शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही असं होतं. मी घरी येऊन इतिवृत्तात लिहिलं: ‘रस्सीखेच झाली. निकाल लागला. त्यानंतर अल्पोपाहार व करमणूक.’ सव्वीस वर्षांच्या इतिवृत्तात इतकं खोटं पान दुसरं नाही. (अल्पोपाहार तर मीच घालवला होता.) तेवढ्याने भागेना म्हणून सगळ्या सभासदांना डेटा प्रोटेक्शनचा आधार देऊन ईमेल पाठवली की त्या दिवशीचे सर्व व्हिडिओ ताबडतोब पुसावेत आणि पुसल्याचं लेखी कळवावं. एकेचाळीस जणांनी लेखी कळवलं. मंडळाच्या इतिहासात माझ्या ईमेलला इतकी उत्तरं कधी आली नव्हती. आपली माणसं या देशात राहून इतकी कायदेशीर होतील असं वाटलं नव्हतं. खरोखरच पुसले सगळ्यांनी.

आता वैजयंतीकडे येतो. दर मंगळवारी तिच्याकडे स्पीच थेरपिस्ट येते, तनिषा नावाची. कॉव्हेंट्रीत जन्मलेली, आईबाप सांगलीचे. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. मराठी बोलते ती लिंगांची पर्वा न करता, पण बोलते, आणि न लाजता बोलते. तिचा धीर बघून मी तिला मनातल्या मनात रोज नमस्कार करतो. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, “काका, डोन्ट वरी हं. लँग्वेज लेफ्ट साइडला राहतो, पण गाणं राइट साइडपण यूज करते. सो वी गो इन थ्रू द बॅक डोअर.” म्हणजे मागच्या दाराने जायचं. काकूंची आवडती गाणी आणा, म्हणाली. मी आरत्या आणल्या, भूपाळ्या आणल्या, आमच्या लग्नाच्या वेळची भावगीतं आणली. वैजयंतीने सगळी शांतपणे ऐकली आणि म्हणाली, डबा. पाच आठवडे असे गेले. सहाव्या मंगळवारी मी स्वयंपाकघरात चहा करत होतो आणि बाहेरून आवाज आला. तिचा. शब्दांसकट. मी कप तसाच ठेवून धावलो. तुझं गाणं म्हणत होती, अजय! पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ, स्वच्छ, ठेक्यात, डाव्या हाताने खुर्चीवर ताल धरून. आणि तिसरीनंतर थांबली. तोंड उघडं, डोळे माझ्याकडे, आणि पुढे काही नाही.

नंतर सुलक्षणा मला म्हणाली की गेली तीन वर्षं काकू भांडी घासताना हेच गुणगुणतात, तुम्हाला माहीत नव्हतं? मी आपला तीन वर्षं तो हरिपाठ समजत आलो होतो. तनिषाने लगेच वही उघडली: “वॉव काका! हा कुठली गाणी आहे?” आणि मी, एकतीस वर्षं रेकॉर्ड्समध्ये चुकीची तारीखसुद्धा खपवून न घेतलेला माणूस, म्हणालो, विष्णूची आरती. तिने तसं फायलीत लिहिलं. हॉस्पिटलच्या दप्तरात आज ते धार्मिक गीत म्हणून नोंदलेलं आहे आणि ती नोंद मला रात्रंदिवस खाते. तनिषा म्हणते, “मला फुल लिरिक्स पाहिजे, काका. मी हाफ लाइन बोलणार, काकू फिनिश करणार. बट इट हॅज टु बी द राइट लाइन. काकूला कळतो.” हे खरं आहे. मी एकदा स्वतःची चौथी ओळ जुळवून म्हणून पाहिली. वैजयंतीने माझ्याकडे जो डबा फेकला तो बाराव्या प्रकारचा होता.

असो. पत्र लांबलं. तुझा वेळ घेतला, त्याबद्दल राग नसावा. मी तीन वर्षं आंघोळ करत होतो, आता बाहेर आलो आहे, इतकंच म्हणायचं होतं. सुचेतावहिनींना नमस्कार, परीक्षितला आशीर्वाद. दोर पार्सलने पाठवला तरी चालेल. भिजलेला असल्यास वाळवून पाठवावा.

तुझा,
विष्णू
(चिटणीस)

ता. क. दोराची घाई नाही. दोर नसला तरी चालेल. खरी विनंती अशी की मला चौथी ओळ हवी आहे. मी लिहून दाखवतो म्हणजे घोटाळा नको:

लीड्सचे शिपाई थोर, थोर,
टाकून पळाले दोर, दोर,
श्रीखंडाच्या सागरात

आणि पुढे? त्या दिवशी चौथ्या ओळीला इतका हशा व्हायचा की मला ती एकदाही धड ऐकू आली नाही. व्हिडिओ माझ्या कृपेने नाहीत. सभासदांना विचारलं. ओळ माझ्या नावाने सुरू होते यावर सगळ्यांचं एकमत आहे. कुशल म्हणतो ‘विष्णू शोभती गोटात’. अनुया म्हणते ‘विष्णू दिसती थाटात’. नकुल म्हणतो काका, मला काही आठवत नाही, आणि हसतो. सगळे मला जपतायत. सातशे वर्षांपूर्वीच्या नकला अशाच बिघडल्या असणार, चांगल्या माणसांच्या हातून. खरा पाठ तुझ्याकडेच आहे. आणखी एक. तुला माहीत आहे, त्रेचाळीस वर्षांच्या संसारात वैजयंतीने माझं नाव दोनदाच घेतलं, दोन्हीदा उखाण्यात, आणि दुसऱ्या उखाण्यात तर घाईत. एरवी मी नेहमी ‘अहो’. ते ‘अहो’ जानेवारीपासून ऐकलेलं नाही. तनिषा म्हणते ओळ मिळाली तर नाव येईल. मला नाव ऐकायचं आहे, मग ते श्रीखंडात बसलेलं का असेना.

ता. क. २. ओळ सौम्य करून पाठवू नकोस. माझ्याकडे बघून एक अक्षर बदललंस तर मी ओळखीन, आणि वैजयंती त्याआधी ओळखेल. मी इतिवृत्ताचं ते पान दुरुस्त करणार आहे. सातव्या नियमाची हकीकतही त्यात घालणार आहे. तनिषाची फाइलही दुरुस्त करायला सांगणार आहे. ‘धार्मिक’ खोडून तिथे काय लिहायचं ते मात्र तूच सुचव.

ता. क. ३. थांब. पाकीट बंद करायच्या आधी, घरातून जाणारं प्रत्येक पत्र मी वैजयंतीला वाचून दाखवतो, चाळीस वर्षांची सवय आहे. (ती पूर्वी त्यातली विशेषणं कमी करायला लावायची.) हेही वाचलं. सातव्या नियमाशी तिने मान हलवली. म्हणजे तिला माहीत होतं, कोटाखालची गाठ तिथेच, गाडीच्या आडोशाला, तिनेच सोडवली होती हे मी विसरलो होतो. मग पहिल्या ता. क.शी आलो. मी गाणं वाचू लागलो तशी ती बरोबर म्हणू लागली. तीन ओळी झाल्या. मी थांबलो, कारण कागदावर पुढची ओळच नव्हती. ती थांबली नाही. माझ्याकडे बघून, ताल न सोडता, तिने म्हटलं:

अहो लोळती थाटात!

आणि मग इतकी हसली की मला तिची काठी धरावी लागली. मी नंतर मात्रा मोजल्या. तिसरी ओळ चौदा मात्रांची आहे. माझ्या नावाने चौथीही चौदाच भरते. हिच्या तोंडी ती तेराची झाली. एक मात्रा मोडली, पण नवऱ्याचं नाव काही घेतलं नाही बाईने. तेव्हा तुझी ओळ आता पाठवू नकोस, अजय. इतिवृत्तात मी तेरा मात्रांची लिहिली आहे, आणि समासात ‘सौ. वैजयंती दातार यांच्या तोंडून’ असं नोंदवलं आहे. नाव असलेली ओळ तुझ्यापाशीच राहू दे, कुणी विचारलं तरी सांगू नकोस. दोर घेऊन तू आणि वहिनी येत्या रविवारी इकडे या. अनुया श्रीखंड करते आहे, आणि पाकिटावर तिकीट लावत असताना आतल्या खोलीतून मला पुन्हा हाक आली आहे.